पोशानं लाटेला पाठ दाखवली नाही

खाडीच्या मुखापासून खूप आत, भाताच्या खाचरांमधल्या एका गावात पोशा नावाचा एक भोळा जावई राहत होता. राहत होता आपल्याच घरी. जावई होता तो खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या हिराजी नाखव्यांचा. पोशाच्या गावाला पोचेपर्यंत खाडीचा ओढा झालेला असे. तिथं लाट उठायची ती म्हैस डुंबायला उतरली की. म्हैस वर आली की लाट संपली.

पोशा माणूस वाईट नव्हता. सांगितलेलं काम तंतोतंत करी, आणि घोटाळा होई तो त्यातूनच. भरलेल्या फळीवर नवा माल ठेवायचा तर जुना उतरवावा लागतो, तसं त्याचं डोकं होतं. एका वेळी एकच शिकवण मावे. ती मात्र तो जिथं तिथं खपवी.

श्रावणात त्याची बायको गोमी भावाला राखी बांधायला माहेरी गेली. तिच्यावाचून पोशाला घरात मीठ सापडेना की झोप येईना. पौर्णिमेची वाट न बघता तोही पाठोपाठ सासरी हजर झाला.

"या, जावईबुवा," नाखवे म्हणाले. "पौर्णिमा झाली की गोमीला घेऊन जा. पण आमचं घर पाण्यावर चालतं. पाण्यात काही घोळ घातलात, तर गोमी दिवाळीपर्यंत इथंच राहील. समजलं?"

"समजलं, मामा."

दाराआड उभ्या गोमीनं देवाला हात जोडले. तिलाही आपल्या घरी जायचं होतं. नवरा कसा आहे ते तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई तळ्यावर गेल्या. हातातून रिकामी कळशी सुटली आणि तरंगत आत गेली. पोशा मदतीला धावला. मदत म्हणजे काय, तर तो काठावरून पाण्यात धोंडे टाकू लागला.

"अहो, हे काय चालवलंय?"

"लाटा करतोय, मामी. लाट येईल ती कळशी घेऊनच येईल."

लाटा आल्या. एकामागून एक काठाला लागल्या. कळशी होती तिथंच मान हलवत राहिली. पुढचा धोंडा तिच्या पोटावर बसला आणि तिला चांगलाच पोचा पडला.

"थांबा, बाबा!" सासूबाई पाण्यात उतरून कळशी घेऊन आल्या. "लाट पुढं धावते, पाणी पुढं जात नाही. ते जागच्या जागी वर होतं नि खाली होतं. लाटेवरची वस्तू कुठं जात नाही, तिथंच डुलते."

"असं होय! लाटेवरची वस्तू कुठं जात नाही. आता पक्कं, मामी."

सासूबाईंनी पोचा भिंतीकडे फिरवून कळशी मांडली आणि नाखव्यांना काही कळू दिलं नाही.

मग नाखवे त्याला घेऊन धक्क्यावर गेले. होडी धुवायची होती. "ही वल्ही बाजूला ठेवा," ते म्हणाले. पोशानं खाली पाहिलं. पाण्यावर बारीक बारीक लाटा होत्या. त्यानं दोन्ही वल्ही अलगद पाण्यावर ठेवली.

नाखव्यांनी मान वर केली तेव्हा वल्ही समुद्राच्या वाटेला लागली होती.

"जावईबुवा! वल्ही चालली!"

"जाणार नाहीत, मामा. डुलतायत."

दूरवर जाळं टाकणाऱ्या एका शेजाऱ्यानं ती अडवली म्हणून बरं. नाखवे कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, लाट निराळी नि ओहोटी निराळी! लाटेत पाणी जागेवर असतं, ओहोटीत अख्खं पाणीच निघून जातं. पाण्यात काही ठेवायचं तर आखूड दोरीनं करकचून बांधायचं!"

"आखूड दोरी, करकचून. आता पक्कं, मामा."

"वल्ही मिळाली ना, बाबा?" गोमी घाईघाईनं म्हणाली. "मग घोळ कुठला?"

नाखव्यांनी मुलीकडे पाहिलं आणि तेवढ्यापुरतं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी भरती पुरी चढली असताना नाखवे म्हणाले, "होडी धक्क्याला बांधून या." पोशा गेला. वीतभर दोरी ठेवून त्यानं होडी अशी आवळली की गाठीत सुईसुद्धा शिरू नये. मग तो समाधानानं जेवायला बसला, आणि जेवून झोपलाही.

खाली ओहोटी लागली. पाणी उतरत गेलं, होडीला मात्र उतरायला दोरीच नव्हती. लोक धक्क्यावर गोळा झाले तेव्हा होडी खुंटीवरच्या सदऱ्यासारखी लटकत होती. आतली जाळी, टोपल्या आणि नाखव्यांची पानाची चंची खाली चिखलात पडली होती.

"नाखवा," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "होडी वाळत घातलीय काय?"

नाखव्यांचा चेहरा काळवंडला. "अहो जावईबुवा, पाणी चढतं नि उतरतं! दोरीला ढील नको का? दोरी ताणलेली दिसली की सैल सोडायची! आणि ऐका. आता आणखी एक घोळ झाला की थेट दिवाळी."

"दोरी ताणली की सैल सोडायची. आता पक्कं, मामा."

गोमी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

पौर्णिमा उजाडली. सगळा गाव नवे कपडे घालून खाडीवर लोटला. त्या गावची रीत अशी होती. मानाचा नाखवा होडीत उभा राहून, लाटा मोडतात त्यांच्या पलीकडे समुद्राला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ देई. धक्क्यावरून होडीची दोरी त्याच्या जावयानं धरायची. हा जावयाचा मान. यंदा मानाचे नाखवे हिराजीच होते. पोशाच्या हाती दोरी द्यायचं त्यांच्या मनात मुळीच नव्हतं, पण गावासमोर मान नाकारणार कसा?

"नुसती धरून उभे राहा," त्यांनी पोशाला चारदा बजावलं. होडीत पूजेचं सामान मावावं म्हणून वल्ही धक्क्यावरच ठेवली. परत ओढून घ्यायला दोरी होतीच की.

ओहोटीबरोबर होडी पुढं सरकली. ढोल वाजू लागला. नाखव्यांनी दोन्ही हातांनी नारळ कपाळाला लावला. तेवढ्यात दोरी ताणली.

पोशानं ती लगेच सैल सोडली. सगळीच.

मोकळी होडी गर्रकन फिरली आणि लाटेला आडवी झाली. पुढची लाट कुशीत बसली. नारळ समुद्राला पोचला, त्याच्यामागोमाग नाखवेही पोचले. गावच्या पोरांनी उड्या टाकून त्यांना बाहेर काढलं. फेटा वाहून गेला, कंबर लचकली.

"अहो, होडी लाटेला आडवी आली की उलटणारच!" पाणी थुंकत नाखवे ओरडले. "लाट येते तिकडं तोंड ठेवायचं! जोवर लाट आहे तोवर तिला पाठ नाही दाखवायची, कूस नाही दाखवायची!"

"लाटेकडं तोंड. आता पक्कं, मामा."

"पक्कं काय? गोमी दिवाळीपर्यंत इथंच!"

पोशाचे डोळे भरून आले. बराच विचार करून तो म्हणाला, "मग मीपण इथंच राहतो, मामा. मला तिच्याबिगर करमत नाही. तुमच्या कामाला मदत तरी होईल."

नाखव्यांनी एकदा लचकलेली कंबर चाचपली, एकदा होडीकडे पाहिलं.

"गोमे," ते म्हणाले, "गाठोडं बांध."

सासूबाईंनी नारळीभाताचा डबा भरून दिला. दुसऱ्या दिवशी भरती लागताच नाखव्यांनी दोघांना होडीत बसवलं. कंबरेमुळे त्यांना स्वतः पोचवायला जाता येईना. "भरती आत चाललीय. वल्ही नाही मारलीत तरी तीच तुम्हाला घरी नेईल. निवांत बसा."

लाटा समुद्राकडून येत होत्या. पोशानं होडी फिरवली, तोंड समुद्राकडे केलं आणि दात आवळून वल्ही मारू लागला.

"अवो, आपलं गाव मागं!" गोमी म्हणाली.

"मागं बघायचं नाही. लाट आहे."

"अवो, पण घरी जायचंय ना?"

"पाठ दाखवायची नाही, गोमे. मामा बुडाले होते, तुला नाही बुडू देणार."

गोमीनं नारळीभाताचा डबा उघडला. भरती होडीला मागं रेटी, पोशा पुढं रेटी. दोघांचा जोर सारखाच. होडी नाखव्यांच्या धक्क्यासमोर एका जागी पाणी कापत राहिली. पोशानं लाटेवरून नजर हलवली नाही. काठावर गर्दी जमली, हसून हसून दमली आणि जेवायला गेली.

भरती संपली तेव्हा पोशाचे हात गळून गेले होते. होडी हळूच काठाला टेकली. घाम पुसत तो उतरला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि समोर पाहतो तर नाखवे. कंबरेवर हात ठेवून, तोंड उघडं टाकून उभे होते.

पोशानं वाकून नमस्कार केला.

"मामा! लचकलेल्या कंबरेनं तुम्ही आमच्या आधी आमच्या गावी पोचलात? आता आलाच आहात, तर चार दिवस राहिल्याशिवाय जाऊ देणार नाही." आणि नाखव्यांचा हात धरून तो त्यांना त्यांच्याच घरात, वाट दाखवत दाखवत, पाहुणचाराला घेऊन गेला.