हौदाच्या फळ्या

श्रोतेहो, शपथ घेण्यास दोन हात पुरतात. ती पाळण्यास काय लागते, हे तुम्ही कधी आपल्या मनाला विचारले आहे का?

फार पूर्वी एका डोंगरगावाबाहेर चुना भाजणारा एक माणूस राहत असे. तो देवभक्त होता. निदान तसा दिसत होता. त्याच्या अंगणाच्या मधोमध चुना विझवण्याचा, जमिनीत खणलेला बिनकठड्याचा हौद होता. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. मग तो निवल्यासारखा दिसतो आणि त्यावर पांढरी साय धरते. ती साय घट्ट भुईसारखी भासते. खाली मात्र चुना कित्येक दिवस पोळत असतो.

त्याला मूल नव्हते. तो भट्टीवर गेला की बायको दिवसभर एकटी. म्हणून त्याने एका म्हाताऱ्या धनगराकडे कुत्र्याचे पिल्लू मागितले.

"आधी घर दाव," धनगर म्हणाला. "पिल्लू मागनं."

चुनेवाला हसला. "बाबा, लेक देताय की कुत्रं?"

"लेक तोंडानं सांगती, काय दुखतं ते. हे मुकं हाय."

म्हाताऱ्याने घर पाहिले. उंबऱ्यापाशी कळीचे खडे सांडले होते, ते वेचायला सांगितले. कुंपणाची फट बुजवायला सांगितली. मग तो हौदापाशी बराच वेळ उभा राहिला.

"ह्याच्यावर झाकण पडल्याबिगर पिल्लू मोकळं सोडायचं न्हाई. उचल बेलभंडार."

चुनेवाल्याने खंडोबापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा ओंजळीत घेऊन शपथ वाहिली.

त्याने खडे वेचले. फट बुजवली. झाकणासाठी सागाच्या चार फळ्याही आणल्या. फळ्या सुरेख निघाल्या, आणि तिथेच त्याची बुद्धी फिरली. येत्या रविवारी पिल्लाला देवाचे कुत्रे म्हणून पूजावे, गावाला जेवू घालावे, असे त्याने ठरवले. पूजेला चौरंग हवा होता. फळ्या चौरंगाला लागल्या.

"अहो, आणि झाकण?" बायकोने विचारले. "शपथ घेतलीत ना?"

"हे काम देवाचंच आहे. देवाच्या कुत्र्याला देव सांभाळत नाही होय?"

तिने पिल्लाला ओसरीच्या खांबाला बांधून ठेवले. ते तिच्या पदराचे टोक तोंडात धरून झोपत असे.

रविवारी गाव जमले. चौरंग हौदाच्या पलीकडे मांडला होता. ओसरीवर बायकोने पिल्लाच्या कपाळी भंडारा लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली.

"दोरीनं ओढत आणतेस की काय?" नवरा पलीकडून म्हणाला. "देवाचं कुत्रं आहे ते. आपल्या पायांनी येऊ दे."

"हौद उघडा आहे."

"लोक बघताहेत. सोड म्हणतो ना!"

तिने दोरी सोडली. हा तिचाही दोष होता, आणि तो तिने कधी नाकारला नाही.

चुनेवाल्याने हात पसरले. "ये राजा, ये!" पिल्लू शेपटी हलवत धावले. ज्याने बोलावले त्याच्याकडे ते सरळ गेले. सरळ वाट हौदावरून होती.

साय फाटली. पिल्लू एकदाच केकाटले.

चुनेवाल्याने कोपरापर्यंत हात चुन्यात घातले. पिल्लू वर आले, पण त्यात प्राण नव्हता. गाव न जेवता परतले.

संध्याकाळी धनगर आला. "झाकण कुठं हाय?" एवढेच त्याने विचारले. बायकोने चौरंगाकडे बोट दाखवले. म्हाताऱ्याने त्याच्या चारही फळ्या उचकटल्या आणि हौदावर टाकल्या. त्या नेमक्या बसल्या. मग पिल्लू घोंगडीत गुंडाळून तो निघून गेला. त्या घराला पुन्हा कोणी पिल्लू दिले नाही.

शपथ देवासमोर वाहिली, तरी ती पाळायची माणसानेच. देवाचे नाव घेऊन टाळलेले कर्तव्य देव पार पाडत नाही.

चुनेवाल्याच्या जखमा भरल्या, पण बोटे आखडली ती आखडलीच. पुढे तो वीस वर्षे जगला. दर रविवारी देवळात पुजारी सर्वांच्या ओंजळीत भंडारा घाली. चुनेवाल्याची ओंजळ जुळत नसे. त्याचा भंडारा तेवढा जमिनीवर सांडे.