किटलीचं चित्र

नगरपालिकेच्या कँटीनमध्ये शरयू चहा करायची. तिला सगळं जरा सावकाश समजायचं, म्हणून तिला हे काम मिळवून देणाऱ्या संस्थेच्या मीनलताईंनी ओट्यासमोर चहाच्या कृतीची चित्रं चिकटवली होती. पातेल्यापासून किटलीपर्यंत बोट फिरवत ती फक्कड चहा करायची.

एकदा नगराध्यक्ष उदाजीराव आले. निवडून आल्यापासून त्यांचा आवाज खाली आलाच नव्हता.

"चित्रं बघून काम करणारी माणसं इथं नकोत! उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा."

शरयूला भेटायला आलेल्या मीनलताई गडबडल्या. शरयूनं मात्र गाळणं शांतपणे खाली ठेवलं.

"साहेब, निवडणुकीत तुमचं बटणही मी किटलीचं चित्र बघूनच दाबलं होतं. तेव्हा माझं चुकलं का?"

रांगेतल्या कारकुनांना एकदम खोकला आला. उदाजीराव स्टुलावर टेकले.

"चित्रं राहू देत," ते हळूच म्हणाले, "आणि मलाही एक कप दे."