सुभानाची मोरी

पाहुणे आले की सगळ्यांना मीच दिसतो. चहासुद्धा धड पिऊ देत नाहीत. बसा त्या दगडावर आणि मधे बोलू नका.

खाली दिसते ती सुभानाची मोरी, तलावाचं पाणी सोडायची. शिळा कितीही घट्ट बसवा, तिच्या तोंडातून पाणी झिरपतंच. आणि या बांधावर कुणाला बिगारी म्हणायचं नाही. तुम्हाला बिगारी म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा मजूर एवढंच ठाऊक. पूर्वी बिगारी म्हणजे धरून आणलेला माणूस. काम फुकट, भाकरी घरची.

सुभानाला असाच हा बांध घालायला दूरच्या गावाहून धरून आणला होता, म्हणे. मागोमाग त्याची बायको येसू आली. दुपारी भाकरी घेऊन बांधावर यायची. एके दिवशी आली तर ओढा तांबडा होऊन फुगलेला, माणसं वर चढलेली, आणि मुकादम मोरीवर शिळा सोडायच्या घाईत. येसूनं सगळ्यांची तोंडं पाहिली. सुभाना त्यांत नव्हता. तो मोरीत आत चुना भरत होता.

"आमचे हे वर आले न्हाईत," ती म्हणाली.

"हे म्हंजे कोण? बिगारी समदे आलेत."

"थांबा, दादा. आमचे हे."

"नाव सांग की बाई. हाक मारतो."

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिला आईनं शिकवलेलं. तिनं ओठ उघडले, मिटले. मुकादमानं ते नाव कधी विचारलंच नव्हतं. त्यानं मोरीत वाकून "ए बिगारी" म्हणून हाक दिली. ती हाक रोज सगळ्यांनाच असायची. सुभानाला ती आपली वाटली नाही. पाणी आलं. शिळा सुटली.

मग येसू म्हणाली, "सुभाना." हळूच म्हणाली.

ती रडली नाही. भाकरी खाली ठेवून तिथंच बसली. तलाव काही भरेना. आलेलं पाणी मोरीतून निघून जायचं. पाटलानं येऊन विचारलं, बाई, काय पाहिजे?

"त्यास्नी नावानं हाक मारा."

मुकादमानं मोरीशी वाकून "सुभाना" अशी हाक मारली. तेव्हा पाणी ठरलं, असं सांगतात. येसू उठून गेली. कुठं, ते कुणी सांगत नाही.

आजही गाळ काढून मोरी मिटायच्या आधी आत उतरलेल्याची बायको नाहीतर आई बांधावर येते आणि त्याचं नाव घेते. उखाणा नाही, नुसतं नाव. तो ओ देतो, वर येतो. शेवटी सुभानाचं नाव घेतात. जरा थांबतात. मग शिळा लावतात.

यंदा मी आत होतो. माझं नाव घेणारी गेल्या साली गेली. वरून ट्रॅक्टरवाला ओरडला, "ए बिगारी, निघ." मी तसाच बसून राहिलो. शेवटी शेजारच्या सुनेनं नाव घेतलं तेव्हा वर आलो. तो मात्र माफी मागायला अजून आलेला नाही. त्याला ट्रॅक्टरवाला तरी का म्हणू? नावानंच सांगतो. भानुदास खरमाटे.