उरायपाताचा विस्तव

पेरूच्या उंच डोंगरात हानाकपाता नावाचं गाव आहे. ईस्टरच्या आदल्या दिवशी तिथे एकाही घरात चूल पेटत नाही. आम्ही पाहुणे चर्चच्या पायरीवर कुडकुडत बसलो होतो, तेव्हा तिथली घंटा वाजवणारे म्हातारे फाकुंदो त्याचं कारण सांगू लागले.

फार पूर्वी, म्हणे, गुड फ्रायडेला गावातले सगळे विस्तव विझवायचे आणि शनिवारी चर्चपुढे गारगोटीवर नवा पेटवायचे. एका वर्षी गारांचा असा मारा झाला की सरपण, वाळलं गवत, सगळं भिजून गेलं. ठिणगी पडे, पण धरेना. सातुर्निना नावाच्या बाईचं तान्हं बाळ गारठून निळं पडू लागलं.

खाली दरीत उरायपाता गाव. तिथे गारा पडल्या नव्हत्या, चुली पेटल्या होत्या. पण कुरणावरून दोन्ही गावांचं हाडवैर. सातुर्निनाच्या नवऱ्यानेच, आन्सेल्मोने, तिथल्या इलारियोचा पाय दगड घालून मोडला होता. तरी बाळाला नवऱ्याच्या छातीशी देऊन ती खाली उतरली. वेशीवरचं पहिलं घर नेमकं इलारियोचं.

"विस्तव हवाय. बाळ गारठलंय," ती दारातून म्हणाली.

"कुणाचं बाळ?"

ती खोटं बोलली नाही. "आन्सेल्मोचं."

इलारियो चुलीकडे वळला, असं सांगतात. मग त्याने मडक्यात राख घातली, वर निखारे ठेवले.

"तुला एकटीला जमायचं नाही. वाटेत फुंकत राहावं लागतं," तो म्हणाला आणि काठी टेकत, लंगडत तिच्याबरोबर चढ चढला. पाऊस लागला तेव्हा अंगावरचा लोकरी पोंचो काढून त्याने मडक्यावर धरला.

दिवेलागणीला दोघं पोचले. चूल पेटली. बाळाच्या अंगात ऊब आली आणि ते मोठ्याने रडलं. आन्सेल्मो खाली बसला, इलारियोच्या भिजलेल्या वहाणांचे बंद सोडले आणि त्याचे पाय चुलीपाशी घेतले. मोडलेला पाय आधी.

"ते बाळ जगलं. आम्ही त्याच्याच वंशातले," फाकुंदो म्हणाले.

आजही हानाकपातातली ईस्टरची मेणबत्ती उरायपाताच्या विस्तवावरच पेटते. त्या संध्याकाळी खालून एक तरुण बाई मडकं घेऊन आली. फाकुंदोंनी टोपी काढली, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि वहाणांचे बंद सोडायला घेतले. गाठ सुटेना. मागे सारं गाव कालपासून गारठलेलं. पण घाई कुणालाच नव्हती.