बाहेरचं कुलूप

फार मागची गोष्ट. माणसं आपला मुलूख नदीच्या नावानं सांगायची, त्या काळातली.

एका नगरात तापाची साथ आली. राजानं दवंडी पिटवली, की सगळ्यांनी दारं बंद ठेवावीत, आणि ज्याला ताप येईल त्याला वेशीबाहेरच्या मांडवात वैद्यांकडे पाठवावं. हुकूम भल्यासाठीच होता. मांडवात गेलेली बरीच माणसं बरी होऊन परतत होती.

जुन्या रहिवाशांनी हुकूम मुकाट्यानं पाळला. कोष्ट्यांची आळी मात्र ऐकेना. हे लोक दूरच्या मुलखातून येऊन इथं वसलेले. ते दारं सताड उघडी ठेवायचे आणि आजारी माणसाला आतल्या खोलीत दडवायचे. निंगाक्का नावाच्या कोष्टिणीनं नवऱ्याला असंच दडवलं, आणि तो औषधावाचून गेला. मग तिच्या लेकीला, चंपाला, ताप भरला.

लोक म्हणू लागले, ही माणसं हट्टी आहेत, स्वतःबरोबर आम्हालाही मारतील. शेवटी कोतवाल शिपाई घेऊन आळीत गेला. निंगाक्का उंबऱ्यात आडवी बसली होती. शिपायांनी काठ्या उगारल्या, पण ती काठ्यांकडे बघतच नव्हती. एका शिपायाच्या हातात, न ऐकणाऱ्यांच्या घराला बाहेरून लावायचं कुलूप होतं. तिची नजर त्यावर खिळली होती.

कोतवालानं शिपायांना मागे पाठवलं. स्वतः अंगणात लांब बसला आणि त्यानं विचारलं, "बाई, कुलपाला एवढं का भिता?"

निंगाक्का बोलली. "आमच्या गावात साथ आली तेव्हा राजाच्या माणसांनी घरांना बाहेरून कुलपं घातली. आई आणि भाऊ आत होते. मी रानात गेले होते, म्हणून बाहेर राहिले. आई हाका मारायची. हाका थांबल्या, आणि मगच त्यांनी कुलूप काढलं."

साथ आल्यापासून कोतवाल स्वतः घरात धान्याची पोती रचत सुटला होता. निजायला जागा उरली नव्हती. बायको त्याला हावरट म्हणायची, आणि त्यालाही ते खरं वाटायचं. लहानपणी दुष्काळात त्याची धाकटी बहीण भाकरी मागत मागत मेली होती. आपण पोती का रचतो, हे त्याला आज कळलं. त्यानं ते सगळं निंगाक्काला सांगितलं.

मग त्यानं विचारलं, पोरीला मांडवात नेलं तर तुमची अट काय?

"मला ती दिसली पाहिजे. आणि मी हाक मारली तर तिची ओ ऐकू आली पाहिजे."

कोतवालानं राजाला सगळं सांगितलं. मांडवाची एक बाजू मोकळी झाली. घरच्यांना तिथून थोड्या अंतरावर बसायला जागा मिळाली, आणि कुणाच्याही घराला बाहेरून कुलूप लावायचं नाही, असं ठरलं. चंपाला मांडवात जाताना पाहून आळीतल्या इतरांनीही आपापली माणसं बाहेर आणली.

कोतवालानं पोती वाटून टाकली. एक मात्र ठेवलं. बायकोनंच ते कोपऱ्यात नीट लावून ठेवलं.

चंपा बरी झाली. तिला घरी आणल्यावर निंगाक्का नवऱ्यासाठी पहिल्यांदा रडली. कुणी तिला आधीच विचारलं असतं तर कदाचित तोही वाचला असता.

बोध: भ्यालेल्या माणसाला हट्टी म्हणण्याआधी, त्याच्यावर पूर्वी काय गुदरलं ते विचारावं.