काठोकाठ भरलेला ग्लास

"…पण सर, माझं उत्तर चूक होतं का?"

"नाही."

"मग पाठ पुन्हा घ्या, असं का लिहिलंत?"

मोकाशीसरांनी चष्मा काढून डोळे चोळले. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात ते विज्ञानाचे शिक्षक घडवत होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते.

समोर अद्वैत केंजळे उभा होता. पदार्थविज्ञानात विद्यापीठात पहिला आलेला. संशोधनासाठी निवड झाली नाही म्हणून बी.एड.ला आला होता, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

सकाळी त्याने शाळेत सातवीवर सामान्य विज्ञानाचा सराव पाठ घेतला होता. सर मागच्या बाकावर बसून पाहत होते.

"आफरीनने काय विचारलं होतं?" सर म्हणाले.

"काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतोय. वितळला की पाणी सांडतं ना?"

"तू काय सांगितलंस?"

"सांडत नाही. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतो. फळ्यावर लिहूनही दिलं."

"मग?"

"मग काय… तिनं उतरवून घेतलं."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "कँटीनमधून थोडा बर्फ आण."

अद्वैतने बर्फ आणला. सरांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर ग्लास ठेवला, बर्फ टाकला आणि पाणी अगदी कडेपर्यंत भरलं. मग स्टूल ओढून बसले.

"सांडणार नाही सर."

"हं."

"मला माहीत आहे."

"मलाही."

"तुम्ही कितीदा पाहिलंय हे?"

"दरवर्षी."

"कधी सांडलं?"

"नाही."

"मग पाहताय काय?"

सरांनी हनुवटी टेबलाला टेकवली आणि ते ग्लासाकडे पाहत राहिले.

अद्वैत नाइलाजाने दुसऱ्या स्टुलावर बसला. ऑक्टोबरची उमस होती. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता.

"खरं सांगू का सर? कंटाळलोय मी. रोज तीच सातवी, तोच धडा. इतकं शिकून हेच करायचं होतं का…"

सरांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते कळलं नाही.

बर्फाचे खडे लहान होत गेले. बोलण्यासारखं काही उरलं नाही, तसा अद्वैतही ग्लासाकडे पाहू लागला.

एक थेंब काचेवरून घसरला. त्यामागून दुसरा. ग्लासाच्या बुडाशी टेबल ओलं झालं.

अद्वैतचा हात झटकन पुढे गेला. "सांडलं…"

तो थबकला. वाकून पाहिलं. ग्लासातलं पाणी काठाशी होतं तिथेच होतं. त्याने काचेवरून बोट फिरवलं.

"हे आतलं नाही. बाहेरचं आहे. हवेतली वाफ."

सर ग्लासाकडेच पाहत होते.

अद्वैत हळूहळू स्टुलावर टेकला. त्याचा आवाज उतरला होता.

"सर… ती पुढेही काहीतरी म्हणत होती. आमच्याकडे सरबताचा ग्लास ठेवला की खाली पाणी येतं, असं काहीतरी."

"मग?"

"मी म्हटलं, मधे बोलू नकोस. आधी लिहून घे."

अद्वैतने आपल्या ओल्या बोटाकडे पाहिलं.

"तिनं पाहिलं होतं सर. मी उत्तर दिलं ते… भलत्याच प्रश्नाला."

सरांनी खिशातून रुमाल काढून टेबलावरचं पाणी टिपलं. काचेवरून पुन्हा थेंब ओघळू लागलेच होते.

अद्वैत एकदम उठला. चेहऱ्यावर सकाळचीच घाई परत आली.

"उद्या पहिल्याच तासाला जातो. आफरीनला उभं करतो आणि सगळ्या वर्गाला नीट समजावून सांगतो. हवेत बाष्प असतं, थंड काचेला लागलं की त्याचं…"

सरांनी हात वर केला. तो थांबला.

सर टेबलाचा आधार घेत उठले. दारापर्यंत गेले. तिथे चौकटीला टेकून क्षणभर उभे राहिले.

"दमलोय रे मी, अद्वैत… उद्या तरी वर्गाला काही न सांगता परत ये."