नातवाच्या डब्यातला ब्रेड

ब्रेडला ओल्या फडक्यासारखा वास आला आणि साध्या चमच्याच्या आवाजानेही दचकणाऱ्या शर्वाणीने पाकीट हातात घेतलं. पाकिटावरची तारीख उलटून गेली होती, आणि वसतिगृहातल्या मुली तोच खाऊन परीक्षेला निघणार होत्या.

"तारखा दुकानदारांसाठी असतात," रेक्टर धामणकर सर गुरकावले. "याच खोक्यातला ब्रेड आमच्या घरीही गेलाय. मुकाट्याने खा."

शर्वाणीने फोन लावला.

"कुणाला लावतेस?"

"तुमच्या घरी, काकूंना. सांगते, सरांनी खात्री दिलीय, नातवाच्या डब्यात हाच ब्रेड भरा."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. मुलींचे घास हातातच थांबले, सरांनी कपाळावरचा घाम पुसला.

पलीकडून "हॅलो" येताच सरच फोनवर झुकले, "अगं, डब्यात ब्रेड नको, पोहे दे."